यहूदा इस्कर्योत

येशूच्या 12 शिष्यांपैकी एक. चांदीच्या 30 नाण्यांसाठी त्याने गेथशेमाने बागेत चुंबनाची खूण करून गुरूला धरून दिले. क्रूसावरील मरण हीच ईश्वरी योजना, तर ते घडवणारा मानाचा धनी का नाही? मत्तयकृत शुभवर्तमान निःसंदिग्ध आहे : योजना पुरी झाली, तरी फितुरीचा दोष फितुराच्याच माथी. पस्तावलेल्या यहूदाने नाणी मंदिरात फेकून गळफास घेतला. याजकांनी त्या पैशातून परक्यांच्या दफनासाठी कुंभाराचे शेत घेतले. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेले ‘यहूदाचे शुभवर्तमान’ त्याला येशूचा खास विश्वासू ठरवते. चर्चला ते अमान्य. यहूदाचा पश्चात्ताप मात्र करुणेने वाचावा असा आहे. प्रेषितांत त्याच्या जागी चिठ्ठ्या टाकून मत्थियाची निवड झाली.