विचारणारा कोण, यावरही उत्तर ठरते

मुंबई सरकारने १९२१ साली कामगार कार्यालय सुरू केले. जी. फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली या कार्यालयाने १९२१-२२ मध्ये मुंबईच्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. २,४७३ कुटुंबांचे हिशेब गोळा झाले आणि १९२३ साली अहवाल छापून आला. कामगाराला मिळणारे अन्न तुरुंगाच्या नियमावलीत कैद्यासाठी ठरवलेल्या आहारापेक्षाही कमी आहे, हा त्याचा निष्कर्ष पुढे बराच गाजला. सुमारे ४७ टक्के कुटुंबे कर्जात असल्याचेही त्यात नोंदले गेले.

हे आकडे आपण आजही वापरतो. पण ते ज्या प्रश्नोत्तरांतून आले, त्यांचा विचार सहसा करत नाही. परळ-लालबागच्या चाळीत एका खोलीत राहणारा गिरणी कामगार डोळ्यांपुढे आणा. १९१९ आणि १९२० चे मोठे संप नुकतेच होऊन गेलेले. दारात उभा राहिलेला सरकारी माणूस विचारतो: पगार किती, कर्ज किती, दारूवर किती जातात? माहिती मालकाकडे जाईल असे वाटले, तर माणूस जपून बोलेल. पगार वाढेल अशी आशा वाटली, तर अडचण थोडी वाढवून सांगेल. शेजारी ऐकत असतील, तर कर्ज आणि दारू दोन्ही कमी सांगेल. दारूवरचा खर्च लोक कमी सांगतात, हे जगभरच्या पाहण्यांत विक्रीच्या आकड्यांशी ताडून दिसलेले आहे. याला केवळ खोटेपणा म्हणून सोडून देता येत नाही. उत्तर नेहमी कुणाला तरी दिलेले असते.

मानसशास्त्राने या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास पुढच्या काही दशकांत केला. ली क्रॉनबाख यांनी १९४६ साली दाखवले की प्रश्नात काय विचारले आहे याच्याशी फारसा संबंध नसलेल्या उत्तर देण्याच्या सवयीही चाचणीच्या गुणांत मिसळतात. कुणी प्रत्येक विधानाला ‘हो’ म्हणतो, कुणी नेहमी मधला पर्याय धरतो, कुणी कायम टोकाचा. याशिवाय चारचौघांत बरे दिसेल तेच सांगण्याचा कल असतो. तो मोजण्यासाठी क्राउन आणि मार्लो यांनी १९६० साली ३३ विधानांची चाचणी तयार केली.

मुंबईच्या इतिहासात हा प्रश्न आपल्या अगदी जवळ आला तो १९५० साली. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. भारत सरकारच्या विनंतीवरून युनेस्कोने अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गार्डनर मर्फी यांना हिंदू-मुस्लिम तणावाच्या अभ्यासासाठी पाठवले. देशात ठिकठिकाणी संशोधकांचे गट काम करू लागले. मुंबईतले काम विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक सी. एन. वकील यांच्याकडे होते. निर्वासितांच्या मनातला तणाव हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय होता. मर्फींचे ‘इन द माइंड्स ऑफ मेन’ हे पुस्तक १९५३ साली आले.

त्या काळात मुसलमानाला ‘तुमचे शेजाऱ्यांशी संबंध कसे आहेत?’ असे विचारणे म्हणजे काय, याचा विचार करा. अनोळखी माणूस वही उघडून बसलेला. निष्ठेवर शंका घेतली जाण्याचे ते दिवस. अशा वेळी ‘सब खैरियत है’ हे उत्तर मनाची स्थितीही सांगते आणि भीतीही. वहीत दोन्हीची नोंद एकसारखीच होते. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९४२ साली हे पडताळून पाहिले गेले होते. तेच प्रश्न गोऱ्या माणसाने विचारले की कृष्णवर्णीय लोक अधिक सावध उत्तरे देत आणि स्वतःच्या समाजातल्या माणसाने विचारले की मोकळी.

यावर उपाय आहेत. एकाच मताची सुलटी आणि उलटी अशी दोन्ही विधाने ठेवायची. ‘पोलीस माझे ऐकून घेतील’ आणि ‘पोलीस माझे ऐकून घेणार नाहीत’ या दोन्हींना जो ‘हो’ म्हणतो, त्याचे मत अजून कळलेले नाही. कदाचित प्रश्नाची भाषाच त्याच्यापर्यंत पोहोचली नसेल. नाव न घेता, एकांतात, घरच्या बोलीत विचारायचे. मिळालेले उत्तर दुसऱ्या नोंदींशी ताडून पाहायचे.

स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ साली आणखी एक युक्ती मांडली. तिच्या धर्तीवरची सोपी रीत अशी: उत्तर देणाऱ्याने गुपचूप नाणे उडवायचे. छापा आला तर डोळे मिटून ‘हो’ म्हणायचे, काटा आला तर खरे सांगायचे. २०० जणांपैकी १३० जण ‘हो’ म्हणाले, तर त्यातले साधारण १०० नाण्यामुळे. उरलेल्या १०० जणांत ३० खरे ‘हो’, म्हणजे सुमारे ३० टक्के. कोण काय म्हणाले ते कुणालाच कळत नाही, पण समाजाचे चित्र मिळते.

उपायही आंधळेपणाने वापरता येत नाहीत. काही चाचण्यांत ‘मी कधीच खोटे बोललो नाही’ अशा धाटणीची विधाने घालून बढाईखोर ओळखतात. पण ‘मी कधी दारू चाखलेली नाही’ हे मदनपुऱ्यातल्या अनेकांच्या बाबतीत अक्षरशः खरे असते. एका समाजात घडवलेले मोजमाप दुसऱ्या समाजात तपासल्याशिवाय वापरले, तर परहेजगार माणूस खोटारडा ठरतो.

मुसलमानांविषयीच्या पाहण्या आजही होतात. नागपाड्यात, डोंगरीत कुणीतरी विचारते, ‘तुम्हाला सुरक्षित वाटते का?’ आलेल्या टक्केवारीवर एक बाजू म्हणते, यांची काही तक्रारच नाही. दुसरी म्हणते, हे मनातले सांगतच नाहीत. टक्केवारीवर भांडण्याआधी आपण तीन गोष्टी मागायला हव्यात: कुणी विचारले, कोणत्या भाषेत विचारले आणि तेव्हा शेजारी कोण होते. हे सांगता येत नसेल, तर त्या आकड्यावर ना आपल्या बाजूने दावा करावा, ना विरुद्ध.