बीजासोबत आलेली साथ

तंजावर आणि कुंभकोणम यांच्या मधोमध, कावेरीच्या कुडमुरुट्टी आणि तिरुमलैराजन या फाट्यांच्या मुलखात पापनाशम वसलं आहे. 1676 ते 1799 इथं मराठ्यांचं राज्य होतं. त्याआधीच्या नायकांच्या काळातलं भाताचं भलंमोठं कोठार इथं अजून उभं आहे. या खोऱ्याचा इतिहास भाताच्या मापानंच लिहिला गेला. त्याच पाण्यातल्या माशांकडे, त्यातही त्यांच्या दुखण्यांकडे, इतिहासकारांचं फारसं लक्ष गेलं नाही. म्हणून तळ्यात मासे मेले की दोष उन्हाला, गढूळ पाण्याला किंवा नशिबाला दिला जातो. माझ्या मते गोड्या पाण्यातल्या अलीकडच्या बऱ्याच साथींचं मूळ माशांच्या ने-आणीत शोधायला हवं. गेल्या शंभर वर्षांत माणसानं मासे एका खोऱ्यातून दुसऱ्यात, एका देशातून दुसऱ्यात हलवले आणि त्यांच्या अंगावरचे, अंगातले सोबतीही नकळत हलवले.

कटला आज कावेरीकाठच्या बाजारात घरचा वाटतो, पण तो मूळचा इथला नव्हे; विसाव्या शतकात मत्स्यखात्यानं तो उत्तरेकडच्या नद्यांतून आणून इथं रुजवला. 1916 मध्ये जावा आणि मॉरिशसहून गौरामी मद्रासला आला, 1939 मध्ये सिलोनमार्गे सायप्रिनस हा कार्प मासा निलगिरीत पोचला, 1952 मध्ये तिलापिया आला. पुढं 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची अंडी मिळवण्यात यश आलं. नदीतून बीज गोळा करण्याची सक्ती त्यामुळे हळूहळू संपली आणि बोटुकलीचा, म्हणजे बोटभर पिलांचा, व्यापार देशभर पसरला. याच काळात, 1951 मध्ये, सी. पी. ज्ञानमुत्तू यांनी मद्रासच्या माशांवरच्या लर्निया या परजीवीच्या एका नव्या जातीचं वर्णन केलं. लर्नियाची मादी आपलं डोकं माशाच्या मांसात रुतवते. आत त्याला नांगरासारखे फाटे फुटतात, बाहेर दोऱ्यासारखं अंग लोंबतं आणि त्याच्या टोकाला अंड्यांच्या दोन पिशव्या दिसतात. ओढून काढायला जावं तर डोकं आतच राहतं आणि जखम चिघळते.

यावर कुणी म्हणेल की परजीवी तर नदीतही होतेच, पूर्वी कुणी नोंदले नाहीत इतकंच. खरा दोष दाटीवाटीनं मासे भरलेल्या तळ्यांचा आहे. यातला अर्धा भाग बिनतोड आहे. माशांच्या उवा, म्हणजे अर्गुलस, वाहत्या नदीत विखुरलेल्या असतात, पण भरलेल्या तळ्यात त्यांना पुढचा मासा हातभर अंतरावर सापडतो. या उवेची मादी अंडी घालायला माशाला सोडून कठीण पृष्ठभाग शोधते. म्हणून जाणते मत्स्यशेतकरी तळ्यात बांबू किंवा फळ्या रोवतात आणि अंडी चिकटली की त्या बाहेर काढून उन्हात वाळवतात. दाटीचा दोष आहेच. पण तळ्यात जो जीव नव्हताच, तो दाटीतून जन्माला येत नाही. तो कुणीतरी आणावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माशांच्या अंगावर खोल व्रण पाडणारा रोग 1971 मध्ये जपानमध्ये नोंदला गेला, 1972 मध्ये ऑस्ट्रेलियात दिसला, मग आग्नेय आशियातून श्रीलंका आणि बांगलादेशमार्गे 1988 मध्ये ईशान्य भारतात उतरला. काही वर्षांतच तो तमिळनाडू आणि केरळपर्यंत आला. त्यात भातशेतात आणि ओढ्यांत राहणारी मरळ, जिला तमिळमध्ये विराल म्हणतात, सर्वाधिक भरडली गेली. आजारी माशांत विषाणू सापडले म्हणून आधी त्यांच्यावर संशय गेला. शेवटी मुख्य कारण ठरलं अफॅनोमायसिस इनव्हॅडन्स हा बुरशीसदृश सूक्ष्मजीव. मग पुरासोबत, रानच्या माशांतून पसरलेल्या रोगाचा ठपका व्यापारावर का ठेवायचा? एका खोऱ्यात तो पाण्यानं पसरला, हे मान्य. पण गोड्या पाण्यातला हा जीव समुद्र ओलांडून श्रीलंकेत पोचला तो पुरानं नव्हे. जिवंत माशांची ने-आण हाच त्याचा सर्वांत संभाव्य मार्ग आहे.

या ने-आणीनं लाखो ताटांत स्वस्त मासा पडला, हे मोल मी कमी लेखत नाही. बीज थांबवा असं माझं म्हणणंच नाही, ते तपासा असं आहे. याच राज्याच्या किनाऱ्यावर त्याचा दाखला आहे. 1990 च्या दशकात पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूनं कोळंबीची शेती उद्ध्वस्त केली. पुढं परदेशी कोळंबीचे प्रजनक आणायला परवानगी मिळाली, तेव्हा 2009 मध्ये चेन्नईजवळ नीलांकरै इथं त्यांच्यासाठी विलगीकरण केंद्र उभं राहिलं. कोळंबी डॉलर आणते, म्हणून तिला ही शिस्त लाभली. गावतळ्यात ओतल्या जाणाऱ्या प्राणवायू भरलेल्या बोटुकलीच्या पिशवीपर्यंत ती क्वचितच पोचते. तिलापियाचा विषाणू 2014 मध्ये इस्रायलमधून जगासमोर आला आणि 2018 मध्ये भारतातही त्याची नोंद झाली. 2013 पासून देशात जलचरांच्या रोगांची पाहणी करणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, पण पाहणीत रोग आढळेपर्यंत बीज कित्येक तळ्यांत वाटलं गेलेलं असतं. आणि पापनाशमसारख्या तालुक्यात एका तळ्याची हद्द धरून चालत नाही. मेट्टूर धरणाचं पाणी साधारणपणे 12 जूनला सुटलं की तेच कालवे, तेच पाट शेतांना आणि तळ्यांना भरत जातात. त्यामुळे तपासणी तळ्याच्या काठावर नव्हे, बीजकेंद्राच्या दारातच व्हायला हवी.