समुद्रगवत व सागरी शैवले : मृत अवशेषांचे अपघटन

समुद्रगवताची गळलेली पाने आणि खडकांवरून तुटलेली शैवले कुजून त्यांतील कार्बन व पोषकद्रव्ये पाण्यात, हवेत किंवा गाळात जाण्याची प्रक्रिया. कासवे, डुगाँग, समुद्री अर्चिन व काही मासे समुद्रगवत चरतात. पण बहुतेक कुरणांतील बरीचशी पाने कोणी न खाताच मरतात आणि कुजू लागल्यावर अन्नसाखळीत येतात.

रासायनिक संघटन : समुद्रगवत ही मूळ, खोड व फुले असलेली वनस्पती आहे. तिच्यात सेल्युलोज व काही प्रमाणात लिग्निन असते. नायट्रोजन कमी असतो. शैवलांत लिग्निन जवळजवळ नसते. अल्जिनेट, अगार, कॅराजिनन यांसारख्या बहुशर्करा असतात. त्यामुळे अल्वासारखे पातळ हिरवे शैवल काही आठवड्यांत विरते, तर पॉसिडोनिया या समुद्रगवताच्या पानांना महिने आणि भूमिगत खोडांना कित्येक वर्षे लागतात. तपकिरी शैवलांतील फ्लोरोटॅनिने सूक्ष्मजीवांना रोखून या शैवलांचे कुजणे लांबवतात.

टप्पे : पहिल्या काही दिवसांत विद्राव्य शर्करा व क्षार पाण्यात पाझरतात. नंतर जीवाणू व कवके अवशेषांवर वाढतात आणि पाण्यातील नायट्रोजन शोषतात. त्यामुळे कुजके पान ताज्या मृत पानापेक्षा अधिक पोषक ठरू शकते. पुळणीवर उड्या मारणारे बारीक कवचधारी व माश्यांच्या अळ्या त्याचे तुकडे करतात आणि पक्षी त्यांना टिपतात. शेवटी लिग्निनयुक्त चिवट भाग उरतो.

प्राणवायूचा प्रभाव : प्राणवायू असल्यास बहुतेक कार्बनाचा कार्बन डायऑक्साइड होतो. दाट ढिगात किंवा गाळात प्राणवायू संपला की सल्फेट-क्षपणकारी जीवाणू काम चालू ठेवतात व हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निर्माण होतो. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर शेतांतून वाहून आलेल्या नायट्रेटमुळे अल्वा अमाप वाढते. तेथील साँ-मिशेल-आं-ग्रेव्ह येथे २००९ मध्ये कुजत्या शैवलात रुतलेला घोडा मरण पावला व त्याचा स्वार बेशुद्ध झाला.

भूमध्य समुद्रातील उदाहरण : पॉसिडोनिया ओशॅनिका मुख्यतः शरद ऋतूत जुनी पाने टाकते. लाटांनी किनाऱ्यावर आणलेल्या पानांचे वाळूमिश्रित थर कधीकधी मीटरभराहून उंच होतात व हिवाळी वादळांत पुळणीची धूप कमी करतात. पानांच्या तळाकडील तंतू लाटांत घोळून त्यांचे गोळे बनतात. कुरणाखालील प्राणवायूहीन गाळात मुळे व खोडे हजारो वर्षे टिकून कित्येक मीटर जाडीचे थर साचले आहेत. कुरण उखडले की हा साठा उघडा पडून त्यातील कार्बन पुन्हा मुक्त होऊ शकतो.

व्यवस्थापन : पर्यटकांसाठी वाळलेली पाने यंत्राने उचलताना वाळूही जाते व पुळण झिजते, म्हणून ती निदान हिवाळाभर जागीच ठेवणे इष्ट. अल्वाचे ओले ढीग मात्र सडण्याआधीच हलवावे लागतात.