खेळाची पदवी



सिंदेवाहीकडच्या एखाद्या घरी पोरगी म्हणाली, "बाबा, मी खेळाचं शिक्षण घेणार, पार एम.ए.च्या बरोबरीचं," तर बाप काय म्हणेल? "खेळायला का कॉलेजात जावं लागते?" असेच ना! धानाच्या चार बांध्यांवर घर चालवणाऱ्याने हा प्रश्न विचारला तर त्यात त्याचे काही चुकले नाही. म्हणून ही पदवी आली कोठून, ते आज पाहू.

ही विद्या आपल्याकडे जुनीच आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मलखांबाला नवा जन्म दिला, असे सांगतात. पण त्या वेळी विद्या गुरूच्या हातून शिष्याच्या हाती जाई. गुरू गेला, की त्याचे कित्येक डावही त्याच्याबरोबर जात.

पुढे 1914 साली आपल्या वऱ्हाडात, अमरावतीला, अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी एक आखाडा काढला. तोच आजचा श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. तिकडे मद्रासेत 1920 मध्ये हॅरी क्रो बक यांनी व्यायामशिक्षक तयार करणारे विद्यालय सुरू केले. 1936 साली अमरावतीचे खेळाडू बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी थेट जर्मनीत गेले आणि आपले देशी खेळ त्यांनी तिथे करून दाखवले. आपण ज्याला हुतूतू म्हणतो, ती कबड्डीही त्यांत होती. तिकडे बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे मोठमोठे खंड काढले. तोंडी विद्या अशी कागदावर उतरली.

स्वातंत्र्यानंतर, 1957 मध्ये, ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले. 1963 पासून तिथे पदव्युत्तर अभ्यासही सुरू झाला. अमरावतीच्या मंडळानेही 1967 मध्ये आपले पदवी महाविद्यालय काढले. आखाड्याची माती अशी विद्यापीठापर्यंत पोचली.

आता या शिक्षणात शिकवतात काय? नुसत्या उड्या नव्हेत. हाड, स्नायू, श्वास यांचे काम कसे चालते, वाढत्या वयाच्या मुलाला किती श्रम सोसतात, दुखापत झाली तर आधी काय करायचे, मनाची भीती कशी घालवायची, मैदान कसे आखायचे, असे हे शास्त्र आहे. पदवीनंतर दोन वर्षांचे बी.पी.एड. आणि त्यावर दोन वर्षांचे एम.पी.एड., असा हा रस्ता आहे. प्रवेश घेण्याआधी त्या कॉलेजाला मान्यता आहे की नाही, एवढे मात्र नीट पाहून घ्यावे.

पण सिंदेवाहीच्या मुलांना याचा काय उपयोग? आपल्याकडे गाव संपले की जंगल लागते, आणि त्या जंगलात वाघ आहे. पूर्वी पोरे रानात हुंदडत. आता आईबाप सांज पडायच्या आत हाक मारतात, आणि ते बरोबरच आहे. अशा वेळी पोरांना खेळायला बिनधोक जागा उरते ती शाळेच्या मैदानाची. तिथेही पी.टी.चा तास गणिताच्या उरलेल्या धड्याला दिला, तर लेकरांनी धावायचे कुठे? कबड्डीच्या मोठ्या मैदानाला 13 मीटर लांबी आणि 10 मीटर रुंदी पुरते. धान निघाल्यावर मोकळी पडलेली एखादी बांधीसुद्धा त्याला चालते. जागा आहे, पोरेही आहेत. उणीव आहे ती जाणत्या शिक्षकाची.

ती पोरगी शिकून परत आली, तर ही उणीव भरून निघेल. तेव्हा मंडळी, घरात असा प्रश्न निघाला तर हसण्यावारी नेऊ नका. आणि गुरुजी, बाई, येत्या सोमवारी पी.टी.चा तास तेवढा राखून ठेवा!