एकट्याने लांबचा परदेश प्रवास : तिकिटाआधी काय ठरवायचं?

शिबिरात चहाच्या वेळी थायलंड-लाओसच्या प्रवासाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, तिकीट कितीला पडतं?" माझं उत्तरही आता ठरलेलं आहे. तिकीट हा पाचवा प्रश्न आहे. आधीचे चार सोडवले तर पाचवा स्वस्तात सुटतो. ते सोडून थेट तिकिटावर उडी मारली तर स्वस्त तिकीटच सगळ्यात महाग पडतं.

सात वर्षांपूर्वी मी स्वतः ही चूक केली. बँकॉकपर्यंतचं एक स्वस्त तिकीट आणि तिथून लाओसमधल्या लुआंग प्राबांगचं दुसरं, अशी दोन वेगळी तिकिटं काढली. मध्ये साडेतीन तास होते, म्हणून निश्चिंत होते. विमान सुवर्णभूमी विमानतळावर उतरलं आणि पुढचं विमान होतं डॉन म्युआंगवरून. बँकॉकला दोन विमानतळ आहेत हे मला तिथे उतरल्यावर कळलं. इमिग्रेशनची रांग, सामान, मग शहरातली वाहतूक, यात विमान गेलं. तिकिटं वेगळी असल्यामुळे कोणाचीच जबाबदारी नव्हती. नवीन तिकीट काढताना तीन आठवड्यांच्या जेवणाचे पैसे गेले.

ज्यांचे काका-मामा परदेशात असतात, त्यांच्यासाठी अशी चूक हा पुढे सांगायचा किस्सा असतो. आपल्यातले बहुतेक जण घरातला पहिला पासपोर्ट काढणारे. चूक झाली तर पैसे पाठवणारं मागे कोणी नसतं. समाजशास्त्रात ज्याला सामाजिक भांडवल म्हणतात, ते आपल्याकडे कमी असेल तर त्याची जागा नियोजनाने भरून काढावी लागते. हा लेख त्या नियोजनाबद्दल आहे. उदाहरणासाठी साठ दिवसांचा एकच मार्ग घेतला आहे : थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम. पद्धत मात्र कुठल्याही देशासाठी वापरता येते.

१. कागदपत्रं आणि नाव

३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये आहे आणि प्रौढांसाठी तो दहा वर्षं चालतो. दहावी पास असाल तर प्रमाणपत्र जोडा, म्हणजे ईसीआरचा शिक्का लागत नाही. परत येण्याच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत आणि काही कोरी पानं शिल्लक हवीत.

खरी अडचण नावाची असते. आपल्यात अनेकांनी आडनाव बदललेलं आहे. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि बँकेत तिसरं नाव असतं. लग्नानंतर मुलींची कागदपत्रं आणखी विखुरतात. नाव बदललं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात नोंद करून घ्या, सगळे कागद एका नावावर आणा आणि मगच पासपोर्टसाठी अर्ज करा. पासपोर्टमध्ये नाव आणि आडनाव हे दोन्ही रकाने भरलेले असू द्या. एकाच रकान्यात सगळं नाव असलं की काही देश प्रवेश नाकारतात. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ मध्ये तसा नियम केला. तिकीट आणि व्हिसा, दोन्हींवर पासपोर्टमधलंच स्पेलिंग हवं.

२. ऋतू आणि तारखा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिकडचा सुखद हंगाम, म्हणून गर्दीचा आणि महागही. फेब्रुवारी अखेरपासून एप्रिलपर्यंत उत्तर थायलंड आणि लाओसमध्ये शेतं आणि रानं जाळल्याचा धूर असतो. दम्याचा त्रास असेल तर हे महिने टाळा. मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस असतो. पण तो आपल्या कोकणासारखा दिवसभर क्वचितच कोसळतो आणि राहण्याचे दर उतरलेले असतात.

आपल्याकडे १४ एप्रिलची धामधूम असते, त्याच दिवसांत थायलंड, लाओस आणि कंबोडियात नववर्षाचा सण असतो. बस-रेल्वे भरलेल्या आणि दुकानं बंद. व्हिएतनाममध्ये हीच स्थिती जानेवारी अखेर ते फेब्रुवारी मध्य या काळात येणाऱ्या 'तेत'ला होते. भारतातून निघणारी तिकिटं दिवाळी, नाताळ ते नववर्ष आणि मेच्या सुट्टीत चढतात. तारखा चार-पाच दिवस मागेपुढे करायची मोकळीक हीच तिकिटावरची सगळ्यात मोठी सवलत.

३. मार्ग : एका टोकाने आत, दुसऱ्या टोकाने बाहेर

जाण्या-येण्याचं तिकीट एकाच शहराचं काढलं तर शेवटी मागे फिरावं लागतं. त्यात दोन-तीन दिवस आणि भाडं वाया जातं. त्याऐवजी बँकॉकला उतरा आणि हो चि मिन्ह सिटीहून परत या. दोन्ही शहरांतून मुंबई आणि कोलकात्याला थेट विमानं आहेत.

मधला मार्ग जमिनीवरून असा आखता येतो. बँकॉकहून रेल्वेने सुमारे ८० किलोमीटरवरचं अयुत्थया. १३५० मध्ये वसलेली आणि १७६७ मध्ये बर्मी सैन्याने उद्ध्वस्त केलेली ही राजधानी साध्या पॅसेंजर गाडीने अगदी थोड्या पैशांत गाठता येते. पुढे फित्सानुलोकला उतरून सुखोथाई, मग चियांग माई. रात्रीची स्लीपर गाडी घेतली तर एका रात्रीच्या खोलीचं भाडं वाचतं.

चियांग खोंगला सीमा ओलांडली की लाओसमधल्या हुआय साईहून मेकाँग नदीतून दोन दिवसांची बोट लुआंग प्राबांगला जाते. रात्रीचा मुक्काम पाकबेंग गावात. तिथून व्हिएन्तियान डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेने साधारण दोन तासांवर आहे. पूर्वी याच रस्त्याला बसने अख्खा दिवस जायचा. पुढे दक्षिण लाओस, मग कंबोडियातलं सिएम रीप, नोम पेन्ह आणि बसने व्हिएतनाम. दिवसांची वाटणी अशी : थायलंड २०, लाओस १४, कंबोडिया १२, व्हिएतनाम १४.

हा मार्ग निवडताना थायलंड-कंबोडिया सीमा मुद्दाम टाळली आहे. २०२५ च्या मध्यात या दोन देशांत सशस्त्र संघर्ष झाला आणि जमिनीवरची नाकी बंद झाली. बँकॉकहून बसने अंकोर गाठायचा नेहमीचा बेत अनेकांना सोडून द्यावा लागला. म्हणून कुठलीही सीमा ओलांडायची असेल तिथे पर्यायी रस्ता आणि दोन मोकळे दिवस धरून ठेवा.

४. व्हिसा

जुलै २०२४ पासून थायलंडने भारतीयांना ६० दिवसांपर्यंत व्हिसामुक्त प्रवेश दिला. अशा सवलती एका सरकारी निर्णयाने कमी होतात, म्हणून तिकीट काढायच्या आदल्या दिवशी दूतावासाचं संकेतस्थळ पाहा. मे २०२५ पासून पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. ते मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत.

व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो. फी एका प्रवेशाला २५ डॉलर आणि अनेक प्रवेशांना ५० डॉलर. अर्जात प्रवेशाचं नाकं लिहावं लागतं, म्हणून मार्ग आधी ठरलेला हवा. कंबोडियाचा ई-व्हिसा घरूनच काढता येतो. लाओसचा व्हिसा सीमेवर मिळतो, त्यासाठी न फाटलेल्या, न लिहिलेल्या डॉलरच्या नोटा आणि पासपोर्ट फोटो जवळ ठेवा.

परतीचं किंवा पुढच्या देशाचं तिकीट, पहिल्या काही रात्रींचं बुकिंग आणि खर्चाला पैसे असल्याचा पुरावा विचारला जातो. अनेकदा तो भारतातल्याच काउंटरवर विचारतात. एकट्या तरुणाला, विशेषतः पहिल्या प्रवासात, जास्त प्रश्न येतात. सगळे कागद छापून फाइलमध्ये ठेवा आणि शांतपणे उत्तरं द्या. खोटं बुकिंग दाखवू नका.

५. आता तिकीट

विदर्भातल्या वाचकांनी नकाशा उघडावा. आपल्याला 'परदेश म्हणजे मुंबई' अशी सवय आहे. पण नागपूरहून हावड्याला थेट गाड्या आहेत, गीतांजलीसारख्या, आणि कोलकाता-बँकॉक विमान अडीच तासांचं आहे. मुंबईहून चार तासांवर लागतात. दोन्हीकडचं भाडं रेल्वेसकट मांडून पाहा. मात्र गाडी आणि विमान यांच्यात पूर्ण एक दिवस ठेवा, हिवाळ्यात धुक्यामुळे गाड्या रखडतात. हिवाळी यात्राकाळात गयेहूनही बँकॉकसारख्या शहरांना विमानं असतात, पण तीर्थयात्रींच्या गर्दीमुळे ती नेहमी स्वस्त नसतात.

तिकीट घेताना हे तपासा :

• तुलना संकेतस्थळावर करा, खरेदी शक्यतो थेट विमान कंपनीकडून. बदल करायची वेळ आली तर मधल्या दलालामागे धावावं लागत नाही.

• किमतीत सामान धरलं आहे का? अनेक स्वस्त भाड्यांत फक्त सात किलोची हातातली बॅग असते. विमानतळावर वाढीव सामानाचे पैसे तिकिटाच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतात.

• विमान बदलायचं असेल तर एकाच तिकिटावर आहे का? वेगवेगळी तिकिटं असतील तर सामान घेऊन इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागतं, त्या देशाचा व्हिसा लागू शकतो आणि उशिराचा तोटा तुमचा.

• विमानतळाचं नाव पूर्ण वाचा. का, ते वर सांगितलंच आहे.

• पहाटे तीनला पोहोचणारं विमान स्वस्त असतं, पण शहरात जाणारी रेल्वे तेव्हा बंद असते. टॅक्सीचे पैसे त्यात मिळवा. एकट्या मुलींनी पहिल्या देशात दिवसाउजेडी उतरावं, हजार रुपये जास्त गेले तरी.

६. पैसा : तीन कप्पे

पहिला कप्पा आधीच भरायच्या खर्चाचा : तिकिटं, व्हिसा, विमा. दुसरा रोजच्या खर्चाचा : रोजचा आकडा गुणिले दिवस. यात मोठी प्रवेश फी वेगळी लिहा. अंकोरचा एक दिवसाचा पास ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२ आणि सात दिवसांचा ७२ आहे. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कधीही वापरता येतो, म्हणून घाई न करता बायोनसारखी मंदिरं नीट पाहता येतात. बाराव्या शतकाच्या अखेरीस बौद्ध राजा सातव्या जयवर्मनने ते बांधायला घेतलं.

तिसरा कप्पा राखीव : घरी परतायचं एकेरी तिकीट अधिक दहा दिवसांचा खर्च. हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. हा कप्पा भरत नसेल तर प्रवास साठचा चाळीस दिवसांवर आणा, पण राखीव पैशाला हात लावू नका. आपल्यासारख्यांचा खरा विमा तोच.

साध्या डेबिट-क्रेडिट कार्डावर बँका परकीय चलनासाठी साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा घेतात. शून्य मार्कअपचं कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड काढा आणि दोन कार्डं वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. थायलंडमध्ये परदेशी कार्डाने पैसे काढताना एटीएम दर वेळी दोनशेहून अधिक बाट आकारतं, म्हणून थोड्या वेळा आणि मोठी रक्कम काढा. मशीनने 'रुपयांत की स्थानिक चलनात' विचारलं तर स्थानिक चलन निवडा.

७. फोन, विमा, सामान

बँकेचा ओटीपी भारतीय क्रमांकावरच येतो. निघण्याआधी रोमिंगवर एसएमएस येतो याची खात्री करा आणि रिचार्जची मुदत परतीपर्यंत ठेवा. डेटासाठी स्थानिक सिम किंवा ई-सिम घ्या. पासपोर्टच्या प्रती ई-मेलवर आणि घरच्या एका माणसाकडे ठेवा. त्याच माणसाला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी निरोप द्यायचा. निरोप आला नाही तर काय करायचं, हेही लिहून द्या. प्रत्येक देशातल्या भारतीय दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक त्याच कागदावर हवा.

प्रवास विमा पूर्ण दिवसांचा घ्या. स्कूटर चालवणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो एक वर्ष चालतो. त्या देशात तो मान्य आहे का, हेही पाहा. परवान्याशिवाय अपघात झाला तर विमा हात वर करतो.

खांदे आणि गुडघे झाकणारे दोन जोड असू द्या, विहारात लागतात. विहारात राहायला मिळालं तर ते फुकटचं लॉज नव्हे. दिनचर्या पाळा, दान द्या. आठवण म्हणून मोठी बुद्धमूर्ती घेण्याआधी थांबा. थायलंडमधून ती बाहेर न्यायला तिथल्या ललित कला विभागाची परवानगी लागते. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा. ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे.

८. 'तिकडे नोकरी लावून देतो'

हे कार्यकर्त्यांनी वस्तीत मुद्दाम सांगावं. डेटा एंट्री किंवा कॉल सेंटरची नोकरी, तिकीट मोफत, व्हिसा नको, अशी जाहिरात दाखवून मुलांना थायलंडला नेतात आणि सीमेपलीकडे म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबतात. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने हवाई दलाच्या विमानांनी अशा पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणलं. पर्यटक म्हणून प्रवेश घेऊन नोकरी करता येत नाही. एजंट नोंदणीकृत आहे का, ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहा. तिकीट दुसऱ्या कोणी काढलं असेल आणि पासपोर्ट त्याच्या हातात असेल, तर तो प्रवास तुमचा नाही.

क्रम लक्षात ठेवा

सहा महिने आधी कागदपत्रं. चार महिने आधी ऋतू, मार्ग आणि तिन्ही कप्प्यांचा हिशेब. मग व्हिसाचे नियम पाहून दोन-तीन महिने आधी तिकीट. महिनाभर आधी ई-व्हिसा, विमा, कार्डं. आठवडाभर आधी फाइल, रोमिंग आणि घरच्या माणसाचा कागद.

माझ्या दुसऱ्या प्रवासाचं तिकीट पहिल्यापेक्षा महाग होतं, पण एकूण खर्च कमी झाला आणि घरच्यांना एकदाही पैसे मागावे लागले नाहीत. परतल्यावर माझा हिशेबाचा कागद वस्तीतल्या तिघींनी झेरॉक्स करून नेला. त्यातल्या एकीचा पासपोर्ट गेल्या महिन्यात आला. तिच्याही घरातला तो पहिलाच आहे.