यादृच्छिक अंकांचे बीज
संगणकाचा यादृच्छिक अंक बहुधा गणिताने काढलेला असतो. ज्या संख्येपासून आरंभ होतो, ते त्याचे ‘बीज’. बीज ओळखता आले, की अंकांची पुढील सारी मालिका काढता येते.

पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरमध्ये पूर्वी प्रत्येक सत्राचे बीज प्रक्रिया क्रमांक व आरंभवेळ यांवरून ठरे. ही दोन्ही सत्रातच कळत. इतरांनाही ताडता येत. २०१८ मध्ये काही निवडक आज्ञांचीच नोंद ठेवण्याची सोय विकसित होत असताना, आपली कोणती आज्ञा नोंदीतून सुटेल हे वापरकर्ता आधीच ओळखू शकेल, असे लक्षात आले. त्यामुळे २०१९ च्या १२व्या आवृत्तीपासून बीज सुरक्षित स्रोतातून घेतले जाते. तरीही ‘रँडम’ या फलनाने पासवर्ड वा गुप्त चाव्या तयार करू नयेत. बीज उत्तम असले, तरी मिळालेल्या अंकांवरून पुढचे अंक काढता येतात.