सेन्सॉरच्या दप्तरातली पत्रं

पहिलं महायुद्ध मी शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं. फळ्यावर दोन रकाने, कारणं आणि परिणाम. 'भारतीय सैनिक ब्रिटनच्या बाजूने लढले' हे एक वाक्य सांगितलं की झाला धडा! ते कसे लढले हे ना मुलांनी विचारलं, ना मी सांगितलं.

निवृत्तीनंतर सवडीने वाचलं तेव्हा कळलं. लाहोर आणि मेरठ डिव्हिजनचे शिपाई १९१४च्या सप्टेंबरअखेरीपासून फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरले, तेही उन्हाळी खाकी कपड्यांत. ऑक्टोबरात थेट खंदकांत. मग हिवाळा आला. खंदकात गुडघाभर गार पाणी, सुजून सडणारे पाय, आणि कुठून येतात ते न दिसणारे तोफगोळे.

सरकारी चित्र वेगळं होतं. इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या राजवाड्यात जखमी हिंदी शिपायांसाठी इस्पितळ केलं होतं. झुंबरांखाली ओळीने खाटा! त्याचे फोटो काढले, गुरुमुखी आणि उर्दूतसुद्धा पुस्तिका छापली. यात खोटं काही नव्हतं. फक्त बरे झालेल्यांना पुन्हा खंदकात धाडत, ते फोटोत नव्हतं.

ब्रिटिश फौजेत तर घरी पाठवायला छापील कार्डच मिळे. 'मी ठीक आहे', 'मी इस्पितळात दाखल आहे' अशी तयार वाक्यं. लागू नसतील ती खोडायची, खाली सही करायची. स्वतःचा एक शब्द जास्त लिहिला तर कार्ड नष्ट.

हिंदी शिपायांची पत्रंही सेन्सॉर उघडून वाची. शिपायांना ते ठाऊक होतं, म्हणून ते आडून बोलत. 'काळी मिरी' म्हणजे हिंदी शिपाई, 'लाल मिरची' म्हणजे गोरा. काळी मिरी संपत आली म्हटलं की घरच्यांनी काय ते समजायचं. कोणी महाभारताच्या युद्धाची उपमा देई, कोणी भावाला भरती होऊ नको म्हणून सुचवी. सगळीच पत्रं रडकी नव्हती हेही सांगायला हवं. पराक्रमाचा अभिमान आणि बादशहाबद्दलची निष्ठाही त्यांत आहे.

गंमत पुढेच आहे. शिपायांचं मनोधैर्य वरच्यांना कळावं म्हणून सेन्सॉर कचेरी पत्रांतले उतारे इंग्रजीत उतरवून अहवालाला जोडत असे. मूळ पत्रं बहुतेक गेली; उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ज्याने तोंड बंद ठेवायचं, त्याच्याच दप्तरात बोलणं शिल्लक राहिलं. पण शिपायाची स्वतःची भाषा मात्र हरवली.

हे वाचताना मला स्वस्थ बसवेना. त्याचं कारण सांगतो. काही वर्षं मी वसतिगृहाचा रेक्टर होतो. मुलांची पोस्टकार्डं माझ्या नजरेखालून जात. सगळ्यांत एकच मजकूर, 'मी खुशाल आहे, काळजी नसावी.' ते वाचून मी समाधानी असे. एकाने मात्र वडिलांना लिहिलं होतं, 'वासराला इथला चारा मानवत नाही.' वसतिगृहात कसलं आलंय वासरू, म्हणून मी हसलो आणि कार्ड पेटीत टाकलं.

त्याच्या वडिलांना तेव्हाच कळलं असेल. मला कळायला काळ्या मिरीची गोष्ट वाचावी लागली. असो.